सत्तेचाळीस नंबरचं भोक

मी एक जुनी भोकांची पाटी आहे, आणि त्या गुरुवारी माझ्या सत्तेचाळीस नंबरच्या भोकातून ती लाल रेघ उमटली.

मित्रांनो, हे वाक्य कृपया विसरून जा. असं काही झालेलं नाही. मी बोलले नाही, तुम्ही ऐकलं नाही. आता गुरुवारच्या दुपारचे दोन वाजले आहेत आणि पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नाही.

मी ॲल्युमिनियमची. परातीएवढी गोल, दोन बोटं जाड. माझ्या अंगावर एकशे बारा भोकं आहेत, प्रत्येकात पेन्सिल जाईल एवढी. कुठल्याही चाळणीने नाक मुरडावं अशी ती बेशिस्त आहेत: मध्यभागी दाटी, कडेला तुरळक. पण ती माणसाच्या मर्जीने पाडलेली नाहीत. दक्षिण आकाशातल्या एका तारकापुंजात जिथे तारा आहे, तिथेच मला भोक आहे. दुर्बिणीच्या टोकाला मला बसवतात, प्रत्येक भोकात काचेचा एक तंतू खोचतात आणि प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश आपापल्या तंतूतून खालच्या खोलीत जातो. तिथे त्याचे रंग सुटे करून तपासतात. एका वेळी एकशे बारा जणांची चौकशी. पोलिसांनाही हे जमलेलं नाही.

ही भोकं नेव्हिन ट्रेगार्थनने पाडली. वारूमा टेकडीवरच्या वेधशाळेचा तो यंत्रकारागीर. वय त्रेसष्ट, बाराही महिने अर्धी चड्डी. मला पुरं करायला त्याला नऊ दिवस लागले आणि दहाव्या दिवशी तो माझ्याकडे इतका वेळ बघत उभा राहिला की त्याचा चहा गार झाला. मग त्याने एक गोष्ट केली, जी करायला नको होती. मला पेटीत न ठेवता कौतुकाने शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. आठवडाभर.

आणि त्या गुरुवारी दुपारी तो माझ्यात तंतू खोचायला बसला. समोर सेरूवाया, फिजीहून संशोधनासाठी आलेली. ती यादीतला आकडा वाचायची, तो तंतू खोचायचा.

"चव्वेचाळीस."

"झाला. काय गं पोरी, हे सगळे तारे एकाच ढगातून जन्मले?"

"एकाच. एकशे बारा भावंडं, एकच खोली. पंचेचाळीस."

"आम्ही सहा होतो. थोरला कुणाला बटाटा मिळू द्यायचा नाही."

"तेच तर, नेव्ह! मधला तो थोरला आहे ना, त्याचा प्रकाश इतका जहाल आहे की शेजारच्या ताऱ्यांभोवतीची धुळीची आणि वायूची चकती उडून जाते. ग्रह बनतात ते त्या चकतीतूनच. चकती गेली की तारा जन्मभर एकटा. शेहेचाळीस."

"झाला. आणि सत्तेचाळीस म्हणजे तुझा लाडका."

"थोरल्याच्या अगदी कुशीत आहे. सगळे म्हणतात, तो कधीचाच उपाशी झाला असणार. मी म्हणते, तो पुंजाच्या कडेला जन्मला, तिथे निवांत वाढला आणि आत्ता आत्ता मध्ये सरकलाय. त्याची चकती शाबूत आहे. वायू अजून त्याच्यावर पडत असेल तर वर्णपटात हायड्रोजनची लाल रेघ रुंद दिसेल. बारीक दिसली तर मी खोटी."

तीन वर्षांचा प्रबंध त्या एका भोकावर उभा होता. आधीच्या दोन रात्री ढगांनी खाल्ल्या होत्या; मला भिंतीवरून हलवायचीही वेळ आली नव्हती. तिच्या वाट्याची ही शेवटची संध्याकाळ; नंतर दुर्बीण दुसऱ्यांची, आणि सोमवारी मला काढून तिथे तंतू आपोआप जागेवर नेणारा यंत्रमानव बसणार होता आणि त्याच्या यादीत हा पुंज नव्हता. त्यातून मी एका तासाचीच. तारे सरकतात तशी हवा त्यांची जागा किंचित हलवते, म्हणून माझी भोकं साडेसात ते साडेआठ एवढीच बरोबर. त्याआधी आणि त्यानंतर मी भांडं.

"सत्तेचाळीस," सेरूवाया म्हणाली.

तंतू आत गेला नाही.

नेव्हिनने भिंग डोळ्याला लावलं. "सेरू," तो म्हणाला, "तुझ्या ताऱ्यात कुणीतरी राहायला आलंय."

कुंभारीण माशीने भोक मातीने लिंपलं होतं. मित्रांनो, एकशे बारा भोकं मोकळी होती. तिला हेच आवडलं.

"ड्रिल लाव ना!"

"केसभर कड सरकली तर तारा हुकेल. गप्प बस जरा."

त्याने गार चहात काडी बुडवली आणि थेंब थेंब मातीवर सोडला. माती सैल होईना. तीन वाजले. चार वाजले. मग चिमट्याने तो एकेक कण काढू लागला. आतून एक हिरवी अळी निघाली, बेशुद्ध. मग दुसरी, तिसरी. तळाशी एक पांढरं, गुबगुबीत पिल्लू. आईने त्याच्यासाठी शिदोरी भरून ठेवली होती.

"याची चकती शाबूत होती," नेव्हिन म्हणाला, आणि त्याने पिल्लू शिदोरीसकट काड्यापेटीत ठेवलं. सेरूवायाला हसू आलं नाही. पाच वाजले होते.

साडेपाचला तंतू आत गेला, मग भराभर उरलेले पासष्ट. सातला मी दुर्बिणीवर होते. तेवढ्यात संचालक डॉक्टर प्रुडन्स ऑल्डरटन आल्या. टेकडीवर येऊन त्यांना पाचच महिने झाले होते. त्यांनी वर पाहिलं आणि प्रसन्नपणे म्हणाल्या, "वा! आज आकाश किती स्वच्छ आहे!"

या टेकडीवर काम आटोपल्याशिवाय आकाशाचं कौतुक करायचं नसतं. जो करील, त्याने सगळ्यांना खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेटी केक आणायचे असतात.

"बाईसाहेब," नेव्हिन म्हणाला, "दोन डझन. आणि ढग आला तर चार."

साडेसातला ढग आला.

सात चाळीस, ढग. सात पन्नास, ढग. सेरूवाया खालच्या खोलीत पडद्यासमोर हात मांडीखाली दाबून बसली होती. आठला बाईंनी हळूच विचारलं, "पिस्त्याचेही चालतात का?"

"नाही," खोलीतले तिघे-चौघे एकदम म्हणाले.

आठ वाजून चार मिनिटांनी ढग फाटला. दहा मिनिटं प्रकाश माझ्यातून वाहिला. इतका प्रवास करून आलेला, आणि मी ॲल्युमिनियमची असून मला शहारा आला. पडद्यावर एकशे अकरा वर्णपट उमटले. सत्तेचाळीसच्या जागी पार काळोख.

"इसा," सेरूवाया पुटपुटली. तिच्याकडे दुःखात तोंडून हाच शब्द निघतो.

"वाईट वाटतं," बाई म्हणाल्या, "पण तो उपाशीच निघाला म्हणायचा."

"उपाशी माणूस दिसतो की नाही?" नेव्हिन उठलाच. "उपाशी तारासुद्धा दिसायला हवा. पार काळोख म्हणजे चूक त्याची नाही, माझी आहे."

त्रेसष्ट वर्षांचा माणूस अर्ध्या चड्डीत शिडी चढून अंधारात माझ्यापर्यंत आला. शिडी हलत होती. त्याने बोटांनी माझी पाठ चाचपली, आंधळ्याने चेहरा चाचपावा तशी, आणि सत्तेचाळीसवर अंगठा ठेवला. मातीचा एक कण राहिला होता. त्याच्यामुळे तंतू तिरका बसला होता. त्याने तो उपसला, भोकात फुंकर मारली, तंतू परत खोचून दाबला. टक.

"घे!" तो वरून ओरडला. आठ अठरा.

दहा मिनिटं. पश्चिमेकडून दुसरा ढग निघालेला. सेरूवाया मोजत होती, ते मला तंतूतून ऐकू येत नव्हतं, पण येत होतं. आठ अठ्ठावीसला ढगाने पुंज गिळला.

आता सुरुवातीचं वाक्य आठवायला हरकत नाही.

लाल रेघ उमटली. रुंद, ओबडधोबड, दोन्ही बाजूंना पसरलेली, जेवताना हनुवटीपर्यंत माखलेल्या मुलासारखी. थोरल्याच्या कुशीत बसून तो धाकटा अजून जेवत होता. सेरूवाया टेबलावर डोकं टेकून रडली आणि मग नेव्हिनला म्हणाली, "तुझ्या चड्डीला कोळिष्टक लागलंय." बाई दुसऱ्या दिवशी चार डझन घेऊन आल्या.

सोमवारी यंत्रमानव आला. त्याला भिंतीला टेकवून ठेवण्याची गरज पडत नाही. सेरूवाया शिकवायला परत फिजीला, सुवा शहरात गेली. मी दोन वर्षं शेडमध्ये रंगाच्या डब्यांखाली होते. मग नेव्हिन निवृत्त झाला आणि जाताना मला घेऊन गेला. सध्या मी त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याला हवेसाठी बसवलेली आहे.

रोज सकाळी सूर्य माझ्यातून आत येतो आणि जमिनीवर तो पुंज जसाच्या तसा उमटतो. थोरला बहुधा तांबड्या कोंबडीच्या पाठीवर असतो. सेरूवाया सांगायची की सूर्यही अशाच एका गर्दीत जन्मला असावा. भावंडं पांगली, आता कोण कुठे आहे त्याला ठाऊक नाही. तो रोज येऊन दुसऱ्यांच्या भावंडांची हजेरी घेतो आणि जातो.

ठिपके एकशे अकराच पडतात. सत्तेचाळीसमध्ये पुन्हा कुंभारीण माशी राहायला आली आहे. नेव्हिन ते काढत नाही.

मित्रांनो, आपल्या यंत्रांवर माया करा, पण झाकण लावून करा. बाकी माझं एकच मागणं आहे, ते रीतसर लिहून देते:

प्रति, मा. सक्षम अधिकारी, आकाश विभाग. विषय: पुंज न पांगण्याबाबत. महोदय, वरील विषयान्वये विनंती की, सदर एकशे बारा तारे येत्या काही कोटी वर्षांत एकमेकांपासून दूर जाणार असल्याचे समजते. तसे झाल्यास अर्जदाराची भोके निराधार होतील. तरी सदर ताऱ्यांना आहे त्याच जागी राहण्याचे लेखी आदेश द्यावेत, आणि क्रमांक सत्तेचाळीस यांचे जेवण आटोपेपर्यंत थोरल्यांनी कृपया दुसरीकडे पाहावे.