नुसतं बसायचं पाणी

ब्रह्मपुरीच्या दुकानात घनश्यामनं गरम पाण्याचा टब आणून ठेवला तेव्हा लोक त्याला वेडा म्हणाले, आणि लोकांचं फारसं चुकलं नव्हतं. नळ, बेसिन आणि टाइल्सचं दुकान बरं चाललं होतं. पण जंगलाच्या गेटाजवळ रिसॉर्टं वाढली, नागपूरहून कंपनीचा माणूस येऊन हॉट टबची चकचकीत पुस्तकं दाखवून गेला आणि याच्या डोक्यात भूत शिरलं. तेव्हापासून वाघ बघून आलेल्या पाहुण्यांनी अंग कशात शेकावं, याची चिंता वाहणं हेच त्याचं काम झालं.

आणि चिंता तरी एक का होती! एका वर्षी पाण्यात रंगीत दिवे हवेत. पुढच्या वर्षी दिवे गावंढळ, मोबाइलवरून तापणारा टब हवा. यंदा तर सगळ्यांना लाकडी गोल टब हवा होता, बाजूला जळणाची शेगडी असलेला. लाकडं जाळून पाणी तापवण्यात घनश्यामच्या घरच्या बायकांचे जन्म गेले, पण तेव्हा त्याला कुणी ट्रेंड म्हटलं नव्हतं. हे बोलून दाखवायचाही त्याला आता कंटाळा आला होता. मॉडेलं येत, जुनी होत, आणि तो हसऱ्या तोंडानं म्हणत राही, "साहेब, सध्या हेच चालू आहे."

दुकानातला नमुन्याचा टब मात्र जागचा हलत नव्हता. सहा जणांचा, पांढराशुभ्र, बुडबुडे सोडणारा. कंपनीनं निर्वाणीचं सांगितलं होतं, तो आता विकला नाही तर एजन्सी दुसऱ्याला. सोमवारी ट्रक येऊन टब उचलून नेणार होता. वर नियम असा, की टबात एकदा पाणी पडलं की तो वापरलेला ठरला, नवा म्हणून विकायचा नाही. त्यामुळे इतके दिवस तो टब दुकानात होता, पण त्यात तांब्याभर पाणीसुद्धा कधी पडलं नव्हतं.

आणि घरी त्याची माय होती, ताराबाई. धिवराची, तळ्यावर पोट भरणाऱ्या जातीची बाई. उभा जन्म तिनं थंडीच्या दिवसांत तळ्यात छातीभर पाण्यात उभं राहून शिंगाडे तोडले. ते गार पाणी तिच्या गुडघ्यांत जे शिरलं ते निघालंच नाही. पहाटे ती कण्हायची आणि भिंतीपलीकडे घनश्याम जागा असायचा. डॉक्टर म्हणाले होते, गरम पाण्यात बसवा. जगाला गरम पाण्यात बसवणारा हा माणूस मायचे पाय बादलीत शेकत होता. त्याला याची लाज वाटे, अगदी मनापासून वाटे.

रविवारी त्यानं शटर अर्धं ओढलं, बोअरचा पाइप टबात सोडला आणि बायकोला सांगितलं, मायला घेऊन ये.

"काय करून राह्यला गा?" ताराबाई दारातच थबकली. "एवढं पानी काहाले?"

"तुह्यासाठी, माय."

"मी का वाघ पाह्यले आली?"

ती बेसिनांच्या रांगेजवळ खुर्चीवर टेकली. टब भरत होता तेवढ्यात फोन वाजला. गेटाजवळच्या रिसॉर्टचे निकेशशेठ होते. पावसाळ्यापासून ते 'बघू, बघू' करून टोलवत होते.

"घनश्यामभाऊ, तो पांढरा टब आहे ना अजून? लाकडी टबाचा धूर होतो म्हणून पाहुणे कुरकुर करतात. संध्याकाळी गाडी पाठवतो. पण नवाच आहे ना? पाणी नाही ना सोडलं त्यात?"

घनश्यामनं टबाकडे पाहिलं. पाणी पोटरीभर झालं होतं. आत्ता काढून पुसून घेतला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, आणि एजन्सी वाचली असती. 'सध्या हेच चालू आहे' हे वाक्य आणखी किती वर्षं म्हणायचं, या विचारानं त्याला एकदम गळून गेल्यासारखं झालं. मग त्याची नजर मायच्या पायांवर गेली. सुजून ते चपलेबाहेर आले होते.

"पाणी सोडलं, शेठ," तो म्हणाला. "वापरलेला आहे."

"अरे, वापरला कोणी?"

"घरच्याच माणसानं."

शेठनी फोन ठेवला.

पाणी भरून तापेपर्यंत दुपार कलली. ताराबाई टबाशी आली, वाकून तिनं बोटं पाण्यात बुडवली आणि कपाळाला लावली. तळ्यात उतरतानाही ती तसंच करायची. "ऊन हाय बाप्पा!" ती म्हणाली. लुगड्याचा काष्टा तिनं घट्ट मारला, पदराची कमरेला झोळी बांधली आणि दोघांच्या आधारानं, पायानं तळ चाचपत आत उतरली. उतरली ती मधोमध उभीच राहिली.

"बस ना, माय."

"पान्यात कोनी बसते का? बुडलं म्हंजे?"

नवराबायकोनं खांदे धरून तिला बसवलं. पाणी गळ्याशी आलं. तिनं डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटल्या. जाऊ दे एजन्सी, घनश्यामला वाटलं.

मग त्याच्या लक्षात आलं, पाण्याखाली तिचे हात चालू होते. डावा हात वेल उचलल्यासारखा वर येई. उजवा त्याच्याखाली चाचपे, तोडे आणि रिकामी मूठ कमरेच्या झोळीत सोडे. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. डोळे मिटलेलेच होते.

"माय, काय करून राह्यली वं? इथी शिंगाडे नाई."

"मले का समजत नाई?" डोळे न उघडता ती म्हणाली. "पन पान्यात गेलं का हात थांबतच नाई. या हातायले कोनी थांब म्हटलंच नाई कधी."

घनश्यामनं बाह्यांसकट हात पाण्यात घातले आणि तिचे दोन्ही हात धरले. काट्यांनी टोचून टोचून बोटांची टोकं टणक झाली होती. धरले तरी ते हात कामाकडे ओढ घेत होते.

"झोळी भरली, माय," तो म्हणाला.

"भरली?"

"हो. काठोकाठ भरली."

तेव्हा कुठे ते हात थांबले.