जिंकलेल्याने भेटायला जायचं

मित्रांनो, आमच्या चर्चमागच्या हॉलमध्ये शिरलात की खिडकीखाली दिसतो तो जुना कॅरम म्हणजे मी. माझी एक जाळी दोऱ्याने शिवलेली आहे आणि कडेवर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. पण स्ट्रायकर माझ्यावर अजून सरळ धावतो. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

निर्मळ गावच्या सुधाकर सुतारांनी मला बनवलं आणि स्टॅनी सरांनी सायकलला बांधून इथे आणलं. सर शाळेत गणित शिकवायचे आणि धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या मुलांचं युवा मंडळ चालवायचे. तेव्हा लोक कुरकुरले, "पोरांना देवाकडे वळवायचं सोडून कॅरम काय खेळवताय?"

सर हसले. "आधी पोरं येऊ तर द्या. रिकाम्या हॉलला कोणता देव शिकवू?"

सरांनी एकच नियम घातला. शनिवारी संध्याकाळी आधी प्रार्थना, मग खेळ. शेवटचा डाव जो जिंकेल, त्याने रविवारी चर्चमधली मिस्साची उपासना झाल्यावर घरात अडकून पडलेल्या एखाद्या म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाजवळ तासभर बसायचं. सर सांगायचे, "जिंकलेला माणूस खुशीत असतो. ती खुशी घेऊन जायचं." तेरा-चौदा वर्षांची लाजरी पोरं माझ्याभोवती बसून बोलायला शिकली. त्यांतली एक आज नर्स आहे. एक रिक्षा चालवतो आणि म्हातारं माणूस दिसलं की आपणहून थांबतो.

पुढे सरांचे गुडघे गेले, ते घरी बसले आणि युजीन सर आले. माणूस सज्जन, पण शिस्तीचं भारी वेड. मंडळाची उद्दिष्टं त्यांनी छापून भिंतीवर लावली: श्रद्धा, सहभाग, सेवा. नियम ऐकून मात्र ते चक्रावले. "जिंकणाऱ्याला काम आणि हरणारा मोकळा? हा कुठला न्याय?" त्यांनी जिंकणाऱ्याला चषक ठेवला आणि भेटीला हरलेल्याला पाठवायला सुरुवात केली.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. सेवेची शिक्षा झाली. पोरं हरायला घाबरू लागली आणि हळूहळू यायचीच बंद झाली. चर्चच्या समितीत ठरू लागलं की हॉलमध्ये मंडपाचं सामान ठेवावं आणि मला माळ्यावर टाकावं. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

पंधरा वर्षांचा डिलन खेळात कच्चा. तीन शनिवार ओळीने हरला आणि तीन रविवार किनाऱ्यावरच्या राजोडी गावातल्या म्हाताऱ्या हिल्डाबायकडे गेला. त्या एकट्याच राहायच्या. चौथ्या शनिवारी डिलन आला, पण खेळायला बसेना.

"काय झालं रे?" मंडळातल्या सगळ्यात पट्टीच्या खेळाडूने, पॉलिनने विचारलं.

"मागच्या रविवारी मी दारात गेलो, तर हिल्डाबाय बोलल्या, 'ये बाबा. आज पन हरलास?' मग बोलल्या, 'माज्याकडं कोनी जिंकून येत नाय का रं?'"

युजीन सरांनी हातातली हरलेल्यांची यादी घडी करून खिशात घातली. "चुकलं माझं," शेवटी ते म्हणाले. "आता काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

"जुना नियम," डिलन म्हणाला. "आणि आज मी जिंकणार."

"मी सोडणार नाय हां," पॉलिन म्हणाली, आणि तिने खरंच सोडलं नाही. तरी एका सोंगटीने डिलन जिंकला. ती शेवटची सोंगटी जाळीत पडल्याचा आवाज माझ्या अंगात अजून घुमतो.

रविवारी युजीन सर आणि डिलन मला रिक्षात उभा धरून राजोडीला घेऊन गेले. "हिल्डाबाय, जिंकून आलोय!" डिलन दारातूनच ओरडला. त्यांनी पदराने आधी डोळे पुसले, मग मला पुसलं. पावसाळ्यात मासेमारीच्या होड्या बंद असल्या की त्या नवऱ्याबरोबर कॅरम खेळायच्या म्हणे. त्यांनी दोघांना धू धू धुतलं.

"तुमचा नियम काय रं?"

"जिंकलेल्याने भेटायला जायचं."

"मग स्टॅनी मास्तरांकडं चला. त्यांच्याकडं कोन जातं?"

डिलनने युजीन सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली. ज्याने नियम घातला, त्याच्याकडेच कोणी गेलं नव्हतं.

आम्ही सगळे रिक्षातून निघालो. स्टॅनी सर भिंत धरत दारापर्यंत आले. हिल्डाबाय काठी टेकून ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, मी जिंकले."

स्टॅनी सरांनी माझ्या कडेवरून हात फिरवला.

मित्रांनो, मंडपाचं सामान दुसरीकडे गेलं आणि मी खिडकीखालीच आहे. मला पावडर लावा, ओल्या हाताने शिवू नका, खेळ झाला की झाकून ठेवा. आणि जिंकलात, तर घरी जाऊन नुसते झोपू नका. रविवारी कोणीतरी दाराकडे डोळे लावून बसलेलं असतं.