व्हर्नाबाईंच्या ओसरीवरचं चिंधीचं भूत

मी एक जुनं भूत आहे. घाबरू नका, मित्रांनो. मी कुणाच्या मानगुटीवर बसत नाही आणि कुणाला झपाटतही नाही. उलट मलाच उंदरांचा धसका आहे; माझ्या डाव्या बाहीची किनार त्यांनीच कुरतडली. मी कापडाचं भूत आहे. चीज गाळायचं जाळीदार कापड, एक फुगा, दुधाची बाटली, तारेचा तुकडा आणि वाडगाभर खळ, एवढ्याशा सामानात माझा जन्म झाला.

जन्म झाला तो ओहायो नदीकाठच्या एका लहान गावात, व्हर्ना स्टालनेकर यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. व्हर्नाबाईंनी तीस वर्षं शाळेच्या मुदपाकखान्यात काढली होती, त्यामुळे गावातलं प्रत्येक पोर त्यांना ओळखायचं आणि ‘मिस व्हर्ना’ म्हणायचं. ऑक्टोबर लागला की दर शनिवारी गल्लीतली पोरं त्यांच्या टेबलाभोवती जमत. अंड्यांचे पुठ्ठे कापून वटवाघळं व्हायची. दुधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनवर शाईनं दात-डोळे काढून आत दिवा ठेवला की मुंडकी तयार. कुणाच्या केसांत डिंक, कुणाच्या जिभेवर शाई, आणि व्हर्नाबाईंच्या तोंडाचा पट्टा चालूच असायचा, “अरे, भूत करतोयस की भाकरी थापतोयस? हळू हातानं!”

या सगळ्या पिलावळीचा मुख्य होता पानांचा म्हातारा. व्हर्नाबाईंच्या दिवंगत नवऱ्याचा डगला, त्यात कोंबलेली वाळकी पानं, हातमोज्यांतही पानं, डोक्यावर डोळ्यांची भोकं पाडलेली खाकी कागदी पिशवी आणि वर हॅट. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी हॅलोविन, म्हणजे पोरांनी सोंगं घेऊन घरोघर गोळ्या मागायचा भुताखेतांचा सण; त्या संध्याकाळी हा म्हातारा ओसरीवरच्या खुर्चीत बसायचा, मांडीवर गोळ्या-चॉकलेटांचं पातेलं घेऊन. पण गंमत पुढेच आहे. मध्येच कधीतरी व्हर्नाबाई म्हाताऱ्याला उचलून दारामागे उभा करायच्या आणि तसाच दुसरा डगला, तशीच पिशवी चढवून स्वतः खुर्चीत बसायच्या, दगडासारख्या. पोरानं पातेल्यात हात घातला की खप्पकन मनगट धरायच्या. मग जी किंकाळी उठायची ती नदीपलीकडे ऐकू जायची. आजूबाजूच्या तीन गल्ल्यांतली पोरं त्या एका किंकाळीसाठी वर्षभर वाट बघत.

या खेळात एकदा मोठी चूक झाली. मार्ला नावाची तीन वर्षांची पोर एकटीच पायऱ्या चढून आली. पिशवीच्या भोकांतून व्हर्नाबाईंना नीट दिसलं नाही आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. पोर पांढरीफटक पडली. पुढे कित्येक दिवस वाण्याच्या दुकानात खाकी पिशवी दिसली तरी ती आईच्या झग्याआड लपायची. व्हर्नाबाईंना ते फार लागलं.

पुढच्या ऑक्टोबरात त्या स्वतः मार्लाच्या घरी गेल्या आणि तिला हाताला धरून आपल्या टेबलाशी घेऊन आल्या.

“ज्याची भीती वाटते ना पोरी, ते आपल्या हातांनी करून बघायचं,” त्या म्हणाल्या. “मग ते आपलं ऐकतं.”

मार्लानं बाटलीवर फुगा बसवला, तारेचे हात केले, कापड खळीत बुडवून वरून पांघरलं. वाळल्यावर व्हर्नाबाईंनी टाचणीनं फुगा फोडला, तारेसकट बाटली काढून घेतली आणि मी आपल्या पायांवर, म्हणजे पाय नसताना, उभा राहिलो. मार्लानं मला काळ्या कापडाचे दोन डोळे चिकटवले. एक वर, एक खाली. “हे असं का बघतंय?” तिनं विचारलं. “तुझ्याकडे बघतंय,” व्हर्नाबाई म्हणाल्या, आणि वर्षभरानंतर ती पोर त्या घरात पहिल्यांदा हसली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक. मी ते अजून जपून ठेवलंय.

त्या दिवसापासून व्हर्नाबाईंनी एक नियम केला. लहान मूल पायऱ्या चढू लागलं की ते वर पोचायच्या आधी पिशवी उचलायची, तोंड दाखवायचं आणि म्हणायचं, “मीच आहे रे, व्हर्ना. ये, घे.” मोठ्यांना फसवायचं, लहानांना नाही. सात वर्षांत हा नियम एकदाही मोडला नाही. मी साक्षीला होतो, कारण माझी जागा खुर्चीच्या बरोबर वर, ओसरीच्या आढ्याला होती.

सात वर्षांत भुतालाही म्हातारपण येतं. मी पिवळा पडलो. खळ सुटली, खांदे उतरले. वर्षातले अकरा महिने तळघरात बिस्किटांच्या डब्यात काढायचे, तिथे उंदरांची सोबत. आणि मार्ला अकरा वर्षांची झाली. तिची शाळेतली मैत्रीण डार्लीन हिनं दुकानातून प्लास्टिकचं भूत आणलं होतं. त्याचे डोळे लाल पेटायचे आणि बटण दाबलं की ते किंचाळायचं. त्या वर्षी मार्ला शनिवारी टेबलाशी आलीच नाही. एकदा धाकट्या भावाला, चार वर्षांच्या हॉईटला, न्यायला आली तेव्हा दारातूनच मला बघून म्हणाली, “मिस व्हर्ना, ते चिंधीचं भूत यंदा लावू नका ना. सगळे हसतात.”

“चिंधी तर चिंधी,” व्हर्नाबाई म्हणाल्या. “पण केलंय कुणी?”

मार्ला ओशाळली आणि भावाला ओढत निघून गेली. व्हर्नाबाई बराच वेळ मला हातात घेऊन बसल्या होत्या. मला वाईट वाटलं ते माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

हॅलोविनच्या दिवशी दुपारपासून मला काहीतरी खटकत होतं. पुठ्ठा कापताना व्हर्नाबाईंच्या डाव्या हातातून तो दोनदा निसटला. त्यांनी हात झटकला, बोटं चोळली, “मुंग्या आल्यात मेल्या,” असं पुटपुटल्या. मला टांगायला स्टुलावर चढल्या तेव्हा दोऱ्याची गाठ त्यांना बसेना. नेहमी दोनदा आवळायच्या. त्या दिवशी कशीबशी एकदा गुंडाळली. ती गाठ सैल आहे हे मला त्याच क्षणी कळलं. पण मी सांगणार कसा? माझं तोंड नुसतं शाईनं काढलेलं आहे.

उन्हं उतरली. व्हर्नाबाईंनी म्हाताऱ्याला दारामागे उभा केला, डगला चढवला, पिशवी घातली, पातेलं मांडीवर घेतलं आणि खुर्चीत बसल्या. वरून मला दिसत होतं, श्वासाबरोबर कागदी पिशवी आत-बाहेर होत होती. थोड्या वेळानं त्यांचा डावा खांदा कलला. हातमोज्यातला हात खुर्चीवरून खाली घसरला आणि तसाच लोंबत राहिला. पिशवीतून घरघर यायला लागली. एकदा “म... म...” असं काहीसं ऐकू आलं, मग तेही थांबलं. पिशवी मात्र हलत होती, अगदी थोडी. मी तिच्यावरून नजर काढली नाही.

आणि मग पोरं यायला लागली.

पहिले तीन दांडगे पोरगे आले. “ओळखलं, मिस व्हर्ना! यंदा नाही फसणार!” एकानं काठीनं त्यांच्या गुडघ्याला ढोसलं. “पकडा ना हात! पकडा!” कुणी पकडला नाही. “वा रे वा, कसलं सोंग धरून ठेवलंय यंदा!” म्हणत त्यांनी मुठी भरून गोळ्या घेतल्या आणि पळाले. मग चिमुकल्या लेकीला कडेवर घेतलेला एक बाप आला. लेक पेंगत होती, म्हणून तो फाटकातच थांबला आणि तिथूनच टाळ्या वाजवत म्हणाला, “व्हर्ना, तुम्हाला बक्षीसच द्यायला हवं!” शेजारच्या बाई येऊन वाकून बघून गेल्या. “बाई गं, या थंडीत केव्हापासून बसल्यात! हौस दांडगी हो,” असं कौतुकानं म्हणाल्या.

मित्रांनो, मी आतून आक्रोश करत होतो. प्रत्येकजण येत होता, हसत होता, जात होता. कुणी दुष्ट नव्हतं. सगळ्यांना त्यांची युक्ती माहीत होती, आणि सगळी चूक त्यातूनच होत होती. व्हर्नाबाईंनी इतकी वर्षं गावाला शिकवलं होतं की ही बाई हलली नाही म्हणजे मजा आहे. थंडी वाढत होती. पिशवीचं हलणं आता मला मोजावं लागत होतं. दोन हालचालींत इतकं अंतर पडायचं की वाटायचं, संपलं.

तेवढ्यात फाटकाशी मार्ला दिसली. तिच्याबरोबर डार्लीन होती आणि अस्वलाचे कान लावलेला हॉईट होता. मार्ला आत येईना. माझ्याबद्दल बोलली होती त्याची लाज असेल. “तू जा,” तिनं हॉईटला पुढे ढकललं. “ती तोंड दाखवेल. लहानांना दाखवतेच.”

हॉईट पहिली पायरी चढला. दुसरी चढला. तिसरीवर थांबला, कारण तिथेच थांबायचं असतं. तो वाट बघत राहिला. पिशवी उचलली गेली नाही.

वाऱ्याची एक झुळूक आली आणि माझी सैल गाठ सुटली. मी व्हर्नाबाईंच्या पायांशी पडलो. एरवी जमिनीवर पडणं मला अपमानाचं वाटलं असतं. हॉईटनं मला उचललं, झटकलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“मिस व्हर्ना, तुमचं भूत पडलं.”

उत्तर नाही. त्यांच्या उजव्या हाताला माझं अंग लागलं होतं. हातमोज्यातूनही तो हात गार लागत होता.

“मार्ला,” हॉईट रडवेला झाला, “ती तोंड दाखवत नाहीये.”

“अरे, युक्ती आहे ती!” डार्लीन फाटकातून ओरडली. “आता धरेल बघ तुला!”

मार्ला जागची हलली नाही. मी तिचा चेहरा बघितला आणि मला तीन वर्षांची मार्ला दिसली. तीच पिशवी, तीच भोकं, तीच खुर्ची. ती भूत करायला शिकली होती, पण या पिशवीला तिनं अजून कधी हात लावला नव्हता. सगळं तिच्यावर येऊन अडलं होतं, आणि ती घाबरली होती.

“हॉईटला नाही,” ती हळूच म्हणाली. मग मोठ्यानं, “हॉईटला ती कधीच नाही फसवणार!” आणि धावत सुटली. तिन्ही पायऱ्या एका ढांगेत चढून तिनं दोन्ही हातांनी पिशवी उपसली.

आतला चेहरा अर्धा खाली ओघळलेला होता. एक डोळा मिटलेला. दुसरा किलकिला, भेदरलेला, काही न कळणारा. तो कुणाला तरी शोधत होता. मार्ला किंचाळली नाही. तिनं व्हर्नाबाईंचे दोन्ही गाल हातांत धरले आणि वाकून म्हणाली, “मीच आहे, मिस व्हर्ना. मार्ला. मीच आहे.”

त्या डोळ्यातून पाणी आलं. उजवा हात हलला आणि त्या हातात मी होतो. त्यांनी मला असं आवळलं की माझी उरलीसुरली खळ मोडली. मला मुळीच दुखलं नाही.

मग डार्लीन फोन करायला धावली आणि मार्लानं आपला कोट काढून व्हर्नाबाईंवर घातला. रुग्णवाहिका आली. गडबडीत त्यातला एकजण आधी दारामागच्या पानांच्या म्हाताऱ्याचीच नाडी बघायला वाकला. मार्लानं त्याला दंडाला धरून खुर्चीकडे वळवलं. व्हर्नाबाईंच्या मुठीतून मला कुणाला सोडवता येईना, म्हणून मीही इस्पितळात गेलो. मेंदूतल्या रक्ताची वाट अडली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर त्या तशाच बसल्या असत्या तर परत घरी आल्या नसत्या.

व्हर्नाबाई मार्चमध्ये काठी टेकत घरी आल्या. डावा हात लुळा तो लुळाच राहिला. पुढच्या ऑक्टोबरात टेबल पुन्हा भरलं, फक्त कात्री आता मार्लाच्या हातात होती.

“पोरी, वटवाघूळ कापतेयस की कोबी?”

“मिस व्हर्ना, तुम्ही तेवढी गप्प बसायची युक्ती परत करा बघू!”

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्याच दुपारी मार्लानं मला नव्या खळीत बुडवलं, खांदे सरळ केले, उंदरांनी कुरतडलेली किनार शिवली. व्हर्नाबाईंनी तिला माझे डोळे मात्र बदलू दिले नाहीत. टांगताना तिनं माझी गाठ तीनदा आवळली.

आता खुर्चीत फक्त पानांचा म्हातारा बसतो. गोळी घेण्याआधी प्रत्येक पोरानं त्याची पिशवी उचलायची आणि आत नुसती पानं आहेत हे बघायचं, असा नवा नियम आहे. मग खिडकीकडे तोंड करून हाक मारायची, “मिस व्हर्ना, आहात ना?” आतून उत्तर येईपर्यंत गोळीला हात लावायचा नाही.

मित्रांनो, मला डब्यात ठेवाल तेव्हा उंदरांपासून सांभाळा, एवढं मागणं तर आहेच. पण त्याहून मोठं मागणं तुमच्या शेजारच्या माणसांसाठी आहे. तुमच्या ओळखीचं कुणी गप्प बसलेलं दिसलं, तर त्याची सवयच आहे असं म्हणून पुढे जाऊ नका. जवळ जा, हाक मारा, उत्तराची वाट बघा. मी दर वर्षी आढ्यावरून कान लावून बसतो. पोरं हाक मारतात. आत काठी टेकल्याचा आवाज येतो, जरा वेळ लागतो, माझा जीव टांगणीला लागतो, आणि मग खिडकीतून येतं, “आहे रे, आहे! मीच आहे!”