कूस पालटलेले कवच

मित्रांनो, मी एक जुने, रिकामे कवच आहे. बारीक रव्याच्या कणाहूनही लहान, त्यामुळे तुम्ही मला पाहिले असण्याची शक्यता नाही. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका इमारतीच्या गळक्या पाइपाखाली, भिंतीवरच्या शेवाळात मी राहत असे. माझ्या आत अमिबासारखा एका पेशीचा जीव होता. एकाचे दोन होताना त्याच्या आईने जपून ठेवलेले मातीचे कण जोडून मला घडवले होते.

माझा आकार कुपीसारखा, पोट गोल आणि तोंड अगदी अरुंद. त्या तोंडातून माझा जीव आपले मऊ हात बाहेर काढी आणि मावेल तेवढेच आत ओढी, बहुधा जिवाणूच. शेजारी एक रुंद तोंडाचे कवच होते. त्याला मोठी शिकार सहज गिळता येई. ते जवळून सरकले की आमच्या पाचावर धारण बसे. पण तोंड पाहून घास घ्यावा, एवढी अक्कल आम्हाला जन्मतःच असते. पाणी आटले की आम्ही तोंडाला बूच लावून बसायचो. दिव्यात नळाच्या पाण्याची वाट पाहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

पुढे इमारत रंगवायची ठरली आणि कोणीतरी भिंतीवर तारेचा ब्रश फिरवला. माझी पाठ फुटली. जीव गेला, मी उरले.

त्याच इमारतीतली अक्षदा ठाण्याच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. काही महिन्यांनी तिने उरलेले शेवाळ श्रीखंडाच्या डब्यात भरून नेले. लहान तोंडाच्या कवचात लहानच घास सापडतो, हे तिला दाखवायचे होते. वर्षभरात तिने अशी साठ कवचे पाहून नोंदवली. आज तीन वाजता तिच्या मार्गदर्शक प्रमोदिनी मॅडम प्रयोगशाळेत येऊन तिचे म्हणणे टिकते का, ते ठरवणार होत्या.

अडीच वाजता तिने शेवटची तपासणी म्हणून मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि तिचा चेहरा उतरला. माझ्या पोटात शेवाळाचा हिरवा गोळा होता, माझ्या तोंडाच्या दुप्पट.

शेजारच्या टेबलावरचा तिचा वर्गमित्र विनीत डोकावला. "अगं, पूस ना ती काच. एका कवचाने काय होतंय? कोणाला कळणार पण नाही."

"मला कळलंय ना," ती म्हणाली. पण तिने फडके उचलले होते. माझ्यात जीव नव्हता, तरी तो टांगणीला लागला. अर्धे मिनिट ते फडके काचेवर तसेच थांबले.

मग तिने ते खाली ठेवले आणि सुई घेतली. वरच्या पातळ काचेवर सुईचे टोक हळूच टेकवून ती मला लोळवू लागली. किंचित जोर पडता तर माझा चुरा झाला असता. मी कूस पालटली आणि तिला माझ्या पाठीची भेग दिसली. गोळा तोंडातून आलाच नव्हता, तो मागच्या भगदाडातून आत वाढला होता.

अक्षदा हसली. मग हसू विरले. आधीच्या साठांपैकी तिने एकालाही लोळवले नव्हते.

तीनला मॅडम आल्या.

"मॅडम, मी सगळी कवचं एकाच बाजूने बघितलेली. रिकामी, फुटकीसुद्धा जिवंत म्हणून मोजली असतील. आज दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

मॅडमनी मला पाहिले, बराच वेळ पाहिले. मग स्टूल ओढले. "दुसरी सुई आण. एकतिसापासून पुढची मी बघते, पहिल्यापासूनची तू बघ."

संध्याकाळपर्यंत एकोणीस कवचे बाद झाली. उरलेल्या एक्केचाळीसांत तिचे म्हणणे टिकले. विनीतने सगळ्यांना चहा आणला, मान खाली घालून.

मित्रांनो, माझे मागणे लहान आहे, माझ्या तोंडाएवढेच. कोणाच्या पोटात काय दिसते त्यावरून त्याला खादाड ठरवण्याआधी त्याला एकदा हलक्या हाताने कूस पालटू द्या. आणि भिंत घासाल, तेव्हा ब्रश जरा जपून चालवा. तिथे कोणीतरी तोंडाला बूच लावून पाण्याची वाट पाहत असते.