बंधाऱ्याची दारं

यंदा पाऊस लांबला, पेरणी मागं पडली आणि आमचं सोयाबीन रानातच अडकलं. आमचं रान बंधाऱ्याला लागून, वरच्या अंगाला. ओढ्याला लोखंडी दारं बसवली की पाणी फुगतं आणि आधी आमच्याच रानात शिरतं. दरवर्षी तोवर रास घरी आलेली असते. ज्याचं रान बुडतं, त्याच्याच गळ्यात पाणी कमिटीचं अध्यक्षपण बांधायचं, ही आमच्या गावाची हुशारी. माझा नवरा सिद्धाराम अध्यक्ष आहे.

आभाळ कधीच उघडलं होतं. ओढा रोज बारीक होत चालला होता. हे पाणी अडलं नाही तर गावाच्या ज्वारी-हरभऱ्याचं काही खरं नव्हतं. पण दारं टाका म्हणून एक माणूस बोलेना. ज्याला विचारावं तो म्हणे, आधी तुमचं सोयाबीन निघू द्या. बोलणं गोड, नजर मात्र ओढ्यावर.

हे तर वेडेपिसे झाले होते. सकाळी बंधाऱ्यावर, तिथून रानात, शेंगा दाबून बघायच्या, पुन्हा बंधाऱ्यावर. शेंगा ओल्या, कापून ढीग घातला तर बुरशी धरणार. जेवायला बसले की अर्ध्यावर उठायचे.

शेवटी माझंच डोकं फिरलं. देवळासमोर बसलेल्या मंडळींना जाऊन सांगितलं, आजच दारं बसवा. कुणी नको म्हणालं नाही. इतकी माणसं इतक्या झटकन उठलेली मी लग्नाच्या पंगतीलाही बघितली नाहीत.

यांना सांगितलं तेव्हा वाटलं, आता ओरडतील. "बरं केलंस," म्हणाले आणि ओलं तर ओलं, कापायला लागले.

दुसऱ्या दिवशी पाणी रानात आलं. आम्ही दोघं घोटाभर पाण्यात कापत होतो. कमिटीतले सगळ्यात वडील अण्णाराव बांधावर येऊन उभे राहिले.

"महेश्वरी, आमच्यातलं कुणी दारं टाका म्हणलं न्हाय बघ."

"म्हणला न्हाईत, अण्णा. पण वाट तर बघितलीत."

पीक गेल्याचं दुःख होतंच, पण तोंड उघडून मागितलं असतं तर एवढं लागलं नसतं.

अण्णाराव वहाणा काढून, धोतर खोचून पाण्यात उतरले.

"मला एक इळा दे," म्हणाले.

गावानं आमच्याकडे सरळ मागितलेली ही पहिली गोष्ट. मी विळा दिला आणि पुन्हा कापायला वाकले.