पहिली टाकी फेकायची

दुकानातल्या पाणी तपासायच्या मीटरवर एकशे चाळीस आलं. चुन्नीलालनं तो रुमालानं पुसला, काचेच्या ग्लासात पुन्हा बुडवला. तेवढंच आलं.

"चाचा, ये तो मीठा पानी है," तो म्हणाला. "याले आरओची जरूरतच नाही. साधा युव्हीवाला ले जाइए. आरओ उलटं यातलं चांगलं तेही काढून टाकते."

"हेच मी मघापासून सांगून राहिलो," यादोराव बिसेन म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "तुमच्या बोअरसारखं पानी साऱ्या मुर्रीत नाई, हिरालालभाऊ. कायले मशीन बसवता? उगाच भिंतीले भोकं."

हिरालाल वासनिकनं घरून आणलेली पाण्याची बाटली उचलली, तिचं बूच घट्ट लावलं आणि पिशवीत ठेवली.

"तुमच्या घरी कोनतं हाय जी?"

"आमचं? आमच्या बोअरचं पानी खारं हाय, म्हून आमाले..."

"तसं नाई. मशीन कोनतं?"

यादोरावांनी हनुवटीनं वरच्या फळीकडे दाखवलं. निळ्या पट्ट्याचा खोका होता.

"तेच द्या," हिरालाल चुन्नीलालला म्हणाला. "हुबेहूब तेच. रंगही तोच."

चुन्नीलालनं यादोरावांकडे पाहिलं. गिऱ्हाईक स्वतः महागडी वस्तू मागत होतं आणि सोबत आलेला माणूस त्याला अडवत होता. असं दुकानात नेहमी होतं, पण अडवणाऱ्याच्या कपाळावर असा घाम येत नाही. त्यानं स्टूल ओढलं आणि खोका खाली काढला.

हिरालाल गोंदिया स्टेशनच्या पंपावर खलाशी होता. निवृत्त होईपर्यंत फलाटावरच्या नळांना पाणी त्याच्या पंपानं चढवलं. हावड्याकडची गाडी थांबली की लोक बाटल्या घेऊन उतरायचे, नळांभोवती रेटारेटी व्हायची. पंपघराच्या जाळीतून त्याला ते दिसायचं. पाणी कोणी चढवलं हे कोणी विचारायचं नाही. गाडी सुटायची घाई असायची. ते त्याला आवडायचं.

निवृत्तीनंतर त्यानं मुर्रीत घर बांधलं. शेजारी यादोराव आले. नागऱ्याकडे त्यांची धानाची शेती, पोवारांचं मोठं घराणं. दोघांच्या घरांमध्ये छातीएवढी भिंत होती आणि भिंतीवरून मैत्री झाली. पहाटे दोघं सोबत फिरायला जात. हिरालालची बायको पार्वताबाई चक्कर येऊन पडली, तेव्हा तिला स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेणारे यादोराव होते, आणि मुलगा नागपुरातून येईपर्यंत बाकावर बसून राहणारेही तेच. नवा तांदूळ निघाला की एक थैली भिंतीवरून अलीकडे यायची.

पण यादोराव हिरालालच्या घरात कधी पाणी प्यायले नव्हते. चहाही नाही.

"डॉक्टरनं सांगतलं, फिल्टरचंच पानी प्याचं. पथरी हाय न मले," ते म्हणत. दर वेळी हेच मुतखड्याचं कारण, तितक्याच गोडीनं.

हिरालालनं ते बराच काळ खरं मानलं. पार्वताबाईनं एक दिवसही मानलं नाही.

"पथरी पोटात नाई त्याहिच्या," ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली होती. "डोक्यात हाय."

"तू काईही बोलतं. दवाखान्यात कोनं नेलं तुले?"

"त्याहिनंच नेलं. मी कुठं नाई म्हनतो? मानूस चांगला हाय. पन पानी प्यालाय का?"

हिरालाल उठून अंगणात गेला. त्याच्या बापानं छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली होती. त्याआधी गावच्या विहिरीवर ओंजळ करून कसं उभं राहावं लागे, हे बापानं एकदाच सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. हिरालालला वाटे, आपल्याला ते बघावं लागलं नाही. आपण तर पाणी वाटणारे.

मग गेल्या मे महिन्यात यादोरावांची बोअर आटली. हिरालालनं न विचारताच काळा पाईप आणला, आपल्या टाकीपासून भिंतीवरून पलीकडे नेला, क्लिपा आवळल्या आणि मोटर सुरू केली. पाऊस लागेपर्यंत यादोरावांच्या घरचं सगळं त्या पाण्यावर चाललं. आंघोळी, धुणी, गाई आणि स्वयंपाकघरातलं ते निळ्या पट्ट्याचं मशीनही.

ही गोष्ट हिरालालच्या लक्षात आली आणि डोक्यातून गेली नाही. पाणी आपलंच होतं. मधे फक्त मशीन होतं. म्हणजे मशीन आपल्याकडे आलं, तर मधे काही उरत नाही. त्यानं हा हिशेब कोणाला सांगितला नाही. पाईप अजून भिंतीवर तसाच होता. पुन्हा एप्रिल लागला होता.

चुन्नीलाल दुपारी स्वतः मशीन बसवायला आला. हिरालालनं भिंतीवरून हाक दिली.

"यादोरावभाऊ, या न जी जरा. फिटिंग पाहून द्या. तुमाले मायती हाय."

यादोराव आले. ओसरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. तिथून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसत होतं. आत चुन्नीलालचं ड्रिल भिंतीत घुसत होतं, विटांची लाल भुकटी ओट्यावर पडत होती आणि पार्वताबाई ती न बोलता पुसत होती. बाहेर बिरसीच्या वैमानिक शाळेचं छोटं विमान घिरट्या घालत होतं.

"हे पोरं शिकून शिकून कुठं जाते काय मालूम," यादोराव वर बघत म्हणाले.

"जात असन कुठंतरी," हिरालाल म्हणाला. तो वर बघत नव्हता.

मशीन सुरू झालं. बारीक घरघर. हिरालालच्या कानांना ती कळली. लहानसा पंपच होता तो, दम नसलेला. टाकीच्या निळसर काचेत पाण्याची रेघ चढू लागली. हिरालालनं पार्वताबाईकडे पाहिलं. तिनं फडताळातून ग्लास काढला. पाहुण्यांचा नाही, रोजचा.

"अरे, नहीं नहीं," चुन्नीलाल आतून ओरडला. "पहिली टाकी फेकायची. नवी मेंब्रेन है. पूरी टंकी फेंक दो, फिर पीना."

यादोराव खुर्चीतून उठले. "बरोबर हाय. आमची पन फेकली होती. चला मंग, उद्या येतो मी."

"बसा जी," हिरालाल म्हणाला.

"टाकी भरायले टाइम लागते, भाऊ."

"लागू द्या. दोघंही रिटायर मानसं. कोनती गाडी सुटून राहिली आपली?"

तो हसून म्हणाला, पण खुर्ची आणि फाटक यांच्या मधे उभा राहिला. यादोराव बसले.

पहिली टाकी भरली. पार्वताबाईनं ती बादलीत सोडली आणि बादली कढीपत्त्याच्या झाडाला नेऊन ओतली. दुसरी भरू लागली. यादोरावांनी धानाच्या भावाचं काढलं, अर्ध्यात सोडलं. सुनेच्या बदलीचं काढलं, तेही सोडलं. त्यांनी दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवले होते आणि बोटं जागच्या जागी हलत होती. हिरालालला एकदा वाटलं, जाऊ द्यावं यांना. एवढ्यानं काय होणार आहे? मग त्याला दवाखान्यातला तो बाक आठवला, आणि वाटलं, एवढं ज्या माणसानं केलं तो एक घोट पाणी पिऊच शकतो. न पिण्यासारखं यात आता राहिलंय काय?

चुन्नीलालनं आधी स्वतः ग्लास भरला, वरून घटाघटा प्यायला आणि मिशी पुसली. "एकदम फर्स्ट क्लास. लो चाची, अब सबको पिलाओ."

पार्वताबाई ताटलीत ग्लास ठेवून बाहेर आली. यादोरावांपुढे धरला.

त्यांनी तो घेतला.

हिरालालनं श्वास सोडला. यादोरावांनी ग्लास दोन्ही हातांत धरला होता, थंडीत चहा धरावा तसा. पाण्याकडे पाहत होते. विमान परत डोक्यावरून गेलं, त्यांनी वर पाहिलं, विमान दिसेनासं झालं तरी पाहत राहिले.

"प्रेशर बरोबर हाय मशीनचं," ते म्हणाले.

"पीजिए ना चाचा," चुन्नीलाल हत्यारं आवरता आवरता म्हणाला. "टेस्ट बताइए."

ग्लास वर गेला. ओठांजवळ थांबला. यादोरावांचे डोळे भिंतीपलीकडे गेले. तिथं कोणी नव्हतं. त्यांचं रिकामं अंगण होतं, तुळस होती, वाळत घातलेलं धोतर होतं.

ग्लास खाली आला.

"मले सर्दी हाय दोन रोजापासून," ते म्हणाले. "थंडं पानी बाधते."

मग पार्वताबाई म्हणाली, "गरम करून आनतो."

"नाई वहिनी, कायले तरास..."

"तरास कायचा? मशीनचंच आनतो. दाखवून आनतो."

ती आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. त्यावर पाण्याचा गंज, छोटं पातेलं, ठेवल्याचा आवाज आला. हिरालाल जागेवरून हलला नाही. यादोरावांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं हिरालालला पुढं खूप दिवस विसरता येणार नव्हतं. शेतात बैल खड्ड्यात फसला की तो मालकाकडे बघतो, तसं.

हिरालाल फाटकासमोरून बाजूला झाला.

पार्वताबाई वाफाळता गंज चिमट्यात धरून बाहेर आली, तेव्हा खुर्ची रिकामी होती. भरलेला ग्लास भिंतीवर, काळ्या पाईपाशेजारी ठेवलेला होता.

"गेले?"

"हो."

"सांगतलं होतं न मी तुमाले," ती म्हणाली. पण तिच्या आवाजात जिंकल्यासारखं काही नव्हतं. चुन्नीलालनं खाली मान घालून ड्रिलची वायर गुंडाळली आणि पिशवी उचलून निघाला.

हिरालालनं भिंतीवरचा ग्लास घेतला आणि एका दमात संपवला. पाण्याला काही चव नव्हती. बोअर मारताना त्यानं दगड फुटल्यावर ओंजळीत धरून चाखलेलं ते पाणी गोड होतं. ते यात कुठं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो नेहमीसारखा फिरायला निघाला. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाणं म्हणजे काहीतरी बोलण्यासारखं झालं असतं. यादोराव फाटकाशी उभेच होते. दोघं नागऱ्याच्या रस्त्यानं चालले, नेहमीच्या वळणावरून परत फिरले. बोलणं तेवढंच झालं, जेवढं चालताना लागतं.

परत आल्यावर यादोरावांच्या फाटकाशी हिरालाल रोज घटकाभर थांबायचा. तिथं त्याला पाणी मिळायचं. खिडकीत कागदी ग्लासांची चळत ठेवलेली असे, त्यातला एक. बाकीच्यांना आतून स्टीलचा ग्लास येतो, हे त्यानं पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं ठरवलं होतं. धुवायची कटकट नको, असं यादोरावांची बायको एकदा म्हणाली होती.

आज यादोराव त्याला थांबा म्हणाले आणि स्वतः आत गेले. आत कुजबुज झाली. बाईचा आवाज थोडा चढला. मग ते बाहेर आले. हातात स्टीलचा ग्लास होता, काठोकाठ भरलेला, बुडाशी त्यांच्या वडिलांचं नाव कोरलेला. पाणी त्यांच्या बोटांवरून सांडत होतं.

"घ्या, हिरालालभाऊ," ते म्हणाले.

हिरालालनं ग्लासाकडे पाहिलं. दाराच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा हलत होता. मग यादोरावांच्या तोंडाकडे पाहिलं. हा माणूस इथवर आलाय, हे त्याला कळलं. रात्रभर झोपला नसेल, हेही कळलं. हात पुढे करायचा होता, आणि तो झाला नाही.

"नको जी," तो म्हणाला. "आमाले आता आमच्याच फिल्टरचं पानी लागते."

आवाज त्यानं गोडच ठेवला होता.

तो आपल्या फाटकातून आत आला. मागे वळून पाहिलं नाही. ग्लास ठेवल्याचा आवाज येतो का, म्हणून थोडं थांबला, आला नाही. पार्वताबाई दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"चहा ठेवू?" तिनं विचारलं.

"ठेव."

ऊन भिंतीवर आलं होतं. हिरालालनं काळ्या पाईपावरून हात फिरवला. उन्हानं तो कडक झाला होता आणि एका ठिकाणी क्लिप सैल पडली होती. मे महिना लांब नव्हता. पलीकडची बोअर याही वर्षी टिकणार नाही, हे पंपावरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. त्यानं ओसरीतून पाना आणला, वाकला आणि क्लिप आवळली.