शनिवारचं वाचन

लतिकाबाईंनी जाड पेनने ‘नांगर’ हा शब्द बोटभर उंचीचा लिहिला आणि वही इझाबेलमावशींपुढे सरकवली. मावशींनी लुगड्याला बोट पुसलं, मगच ते अक्षराखाली टेकवलं.

“नां... ग... र,” त्या म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. “नांगर! आमच्या पडवीत पडलाय की तो. लिहिल्यावर असा दिसतो होय?”

अडुसष्टाव्या वर्षी अक्षरं गिरवायला निघालेली ही बाई दर गुरुवारी दुपारी सांडोरहून चालत यायची आणि जाताना टेबलावर कधी वालाच्या शेंगा, कधी केळ्यांची फणी ठेवून जायची. लतिकाबाईंनी शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली कितीतरी मुलं पुढे मोठी झाली, पेढे घेऊन आली. पण आवडता विद्यार्थी कोण, असं कुणी विचारलं की आजही त्यांच्या तोंडून पहिलं नाव इझाबेलमावशींचंच येतं.

मावशींना वर्तमानपत्र वाचायचं नव्हतं, बसच्या पाट्याही नाही. त्यांचे यजमान फर्डिनंडकाका तीस वर्षं गावच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेत, बायबलमधलं पहिलं वाचन करत आले होते. काचबिंदूने त्यांच्या डोळ्यांत आता नुसतं धुकं उरलं होतं, आणि ते कुणालाही कळू द्यायचं नव्हतं.

“पुस्तक हातातून गेलं तर हे घरात बसतील, बाई,” मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. “एकदा बसले की मग उठायचे नाय. कोनाला सांगू नका.”

म्हणून असं ठरलं होतं. मावशी घरातलं वाचनांचं जाडजूड पुस्तक आणत. लतिकाबाई त्यातलं येत्या रविवारचं वाचन मोठ्या अक्षरांत उतरवून देत आणि शिकवत. शनिवारी संध्याकाळी मावशी ते काकांना चार-पाच वेळा वाचून दाखवत. रविवारी काका पुस्तक उघडून उभे राहत आणि सगळं तोंडपाठ म्हणत. जानेवारीपासून असं वर्षभर चाललं. शहाण्णवच्या नोव्हेंबरात पुस्तकाचं शेवटचं पान झालं, तेव्हा लतिकाबाईंनी मागे राहून गेलेलं पहिलं पान उघडलं. त्यावरच तलवारी मोडून नांगर घडवण्याचं वाचन होतं.

“ह्या रविवारी तुम्ही पन या,” निघताना मावशी म्हणाल्या. “आपलं वाचन ऐकायला.”

‘आपलं’ हा शब्द लतिकाबाईंना फार आवडला.

चर्चमध्ये त्यांना त्यांची जुनी विद्यार्थिनी सुझान भेटली. तिने शेजारी जागा करून दिली, हातात त्या दिवसाच्या वाचनांचं पत्रक ठेवलं. लतिकाबाईंनी ते चाळलं. त्यात नांगर कुठेच नव्हता. कुंभार होता, माती होती.

“हे वेगळंच दिसतंय गं,” त्या कुजबुजल्या.

“आजपासून चर्चचं नवीन वर्ष लागलं ना, बाई. तीन वर्षांची तीन पुस्तकं असतात, अ, ब, क. हे वर्ष ‘ब’.”

लतिकाबाईंनी घाईने समोर पाहिलं. काका तोवर पायऱ्या मोजत वर पोचले होते. त्यांनी फीत लावलेलं पान उघडलं, त्यावर हात फिरवला आणि खणखणीत आवाजात तलवारी आणि नांगर सुरू केले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लतिकाबाईंना झालं. वर्षभर एवढं जपलं आणि आपल्याच हातून माती झाली.

पण कुणी मान वर केली नाही. सुझानने पत्रकाची घडी घालून ते मांडीखाली ठेवलं. पुढच्या बाकावर कागद दुमडल्याचा आवाज झाला, मग त्याच्या पुढच्या. काका थांबले तेव्हा सगळं चर्च एका सुरात “देवाला धन्यवाद” म्हणालं. फादर उठले, हातातले टिपणाचे कागद त्यांनी बाजूला ठेवले आणि दहा मिनिटं ते फक्त नांगरावर बोलले. गावाला सगळं ठाऊक होतं. लतिकाबाईंना डोळे पुसावे लागले.

मिस्सा संपल्यावर मावशी आवारातल्या क्रुसापाशी मेणबत्ती लावायला गेल्या. काका झाडाखाली काठी टेकून उभे होते.

“काका, चूक माझी आहे,” लतिकाबाई म्हणाल्या. “मी जुन्याच वर्षाचं वाचन उतरवून दिलं.”

काकांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

“शनवारीच समजलं मला. तीस वर्षं वाचतोय, बाई.”

“मग मावशींना बोलला का नाहीत?”

काकांनी काठीचं टोक वाळूत जरा फिरवलं.

“काल पहिल्यांदाच ती कुठे न अडता वाचत होती. मधेच कसा थांबवू?”

तेवढ्यात मावशी पदर सावरत परत आल्या.

“कसं झालं, बाई, आपलं वाचन?”

“फार सुंदर,” लतिकाबाई म्हणाल्या. खोटं बोलतोय असं त्यांना मुळीच वाटलं नाही.

पुढच्या गुरुवारी मावशींनी शेंगांच्या पिशवीतून दुसरंच पुस्तक काढलं.

“ह्यांनी दिलं. जुन्याची म्हने शिवण उसवलीय.”

मुखपृष्ठावर ठळक ‘ब’ होता. लतिकाबाईंनी पेनचं टोपण काढलं. मावशींनी लुगड्याला बोट पुसलं.